खरा पश्चात्ताप आणि नवं अंतःकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर बुधवारी संध्याकाळी शास्त्राभ्यासाचा, म्हणजे बायबलच्या अभ्यासाचा, वर्ग असतो आणि गेली काही वर्षं तो मी घेतो. वर्गात सगळ्यांदेखत विचारले जाणारे प्रश्न वेगळे असतात. शेवटची प्रार्थना झाल्यावर, चपला घालता घालता हळूच विचारले जाणारे वेगळे. खालचे बहुतेक प्रश्न चपलांपाशी विचारलेले आहेत. मी पाळक नाही, प्रोटेस्टंट मंडळीतला साधा शिकवणारा माणूस आहे. कॅथलिक शिकवण जिथे वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

पश्चात्ताप म्हणजे केलेल्या पापाबद्दल वाईट वाटणं, एवढंच ना?

वाईट वाटण्यापासून सुरुवात होते खरी, पण आपला मराठी शब्द इथे थोडा चकवतो. पश्चात् म्हणजे नंतर आणि ताप म्हणजे होरपळ. शब्दातच जळणं आहे, म्हणून आपल्याला वाटतं की जितकं जास्त जळलो तितका पश्चात्ताप मोठा. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत त्या जागी 'मेटानोइया' हा शब्द आहे. मन पालटणं, विचाराची धाटणीच बदलणं असा त्याचा अर्थ. जुन्या कराराच्या हिब्रूत 'शूव' हे क्रियापद आहे आणि ते तर अगदी पायवाटेवरचं आहे: माघारी फिरणं. संदेष्टे देवाच्या वतीने "माझ्याकडे परत या" म्हणतात तेव्हा हेच क्रियापद वापरतात.

लूकच्या 15 व्या अध्यायातला, बापाकडून वाटणी घेऊन घर सोडून गेलेला आणि सगळं उधळून बसलेला धाकटा मुलगा आठवा. डुकरांपुढच्या शेंगांनी पोट भरावं असं त्याला वाटू लागलं, तेव्हा तो "शुद्धीवर" आला, असं आपल्या मराठी शास्त्रात म्हटलं आहे. मला हा शब्द फार आवडतो. गुंगी उतरल्यासारखा तो भानावर येतो, उठतो आणि चालू लागतो. वाटेत किती रडला ते लूक सांगत नाही. बापापुढे म्हणायची वाक्यं मात्र त्याने आधीच जुळवून ठेवली आहेत, आणि त्यांतलं शेवटचं आहे "मला एका मोलकऱ्यासारखं ठेवा". प्रत्यक्षात बाप त्याला तिथपर्यंत पोहोचूच देत नाही. तो चाकरांना झगा, अंगठी, जोडे आणायला सांगून मोकळा होतो. मुलाचं परत येणं खरं होतं, तरी बापाबद्दलचा त्याचा अंदाज चुकलेलाच होता. आपलंही पुष्कळदा तसंच होतं. देव आपल्याला फार तर ओसरीवर उभं करील, असं धरून आपण निघतो.

मला रडू येत नाही. बाकीचे सभेत ढसाढसा रडतात. माझं मन दगडाचं आहे का?

नाही. अश्रू स्वभावावर अवलंबून असतात, पेटीवर लागलेल्या सुरावरही अवलंबून असतात. फसवून घेतलेलं परत करणारा जकातदार जक्कय रडल्याचा उल्लेख नाही, आणि येशूला नाकारणारा त्याचा शिष्य पेत्र रडला असं मात्र स्पष्ट लिहिलं आहे. दोघांनाही येशूने आपलं म्हटलं. दगडाच्या मनाला सहसा हा प्रश्नही पडत नाही.

यहूदालाही पस्तावा झाला आणि पेत्रालाही. मग एक वाचला, एक का नाही?

हा प्रश्न मला कित्येक वर्षं छळत होता. मत्तयाचा 27 वा अध्याय नीट वाचला तर येशूला धरून देणारा त्याचा शिष्य यहूदा याने नंतर काय काय केलं ते दिसतं. "निर्दोष रक्त धरून देऊन मी पाप केलं" अशी स्वच्छ कबुली त्याने दिली. रुप्याची तीसच्या तीस नाणी परत केली. म्हणजे कबुलीही झाली आणि भरपाईही. हे तो बोलला मात्र याजकांपुढे, आणि त्यांनी "त्याचं आम्हाला काय?" म्हणून त्याला झटकून टाकलं. ज्याचा घात केला त्याच्याकडे तो गेलाच नाही. मला जो फरक दिसतो तो एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

पेत्राचं पाहा. महायाजकाच्या अंगणात कोळशांच्या विस्तवापाशी ऊब घेत त्याने तीनदा येशूला नाकारलं. पुढे योहानाच्या 21 व्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, समुद्रकाठी येशू मासे भाजत असतो आणि तिथेही कोळशांचा विस्तव आहे. त्या ग्रीक शब्दाचा वापर अख्ख्या नव्या करारात याच दोन ठिकाणी आढळतो. त्या वासानेच पेत्राला ती रात्र आठवली असणार. तिथे येशू त्याला तीनदा विचारतो, "माझ्यावर प्रीती करतोस का?" एकदाही "तू असं का केलंस?" असं विचारत नाही. जखम त्याच जागी उघडतो आणि तिथेच तिच्यावर हात ठेवतो.

पौल करिंथकरांना लिहितो की देवाला अनुसरून होणारं दुःख तारणाकडे नेतं आणि जगाचं दुःख मरणाकडे. जे दुःख तुम्हाला एकट्याला कोपऱ्यात ढकलतं आणि "आता तुझ्यासाठी काही उरलं नाही" असं कुजबुजतं, तो आवाज देवाचा नाही. जीव द्यावा असे विचार येत असतील तर आजच्या आज घरातल्या किंवा मंडळीतल्या एका माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा. त्यात विश्वास कमी पडला असं काहीही नाही.

आपला पश्चात्ताप खरा की वरवरचा, हे कसं ओळखायचं?

एक खूण सांगतो: वाक्यात 'पण' येतो का ते ऐका. शौल आणि दावीद हे दोघेही राजे, दोघांच्याही पुढे संदेष्टा उभा राहिला आणि दोघेही "मी पाप केलं" म्हणाले. शमुवेलासमोर शौलाने आधी लोकांवर ढकललं, मग कबूल केलं आणि लगेच म्हणाला की तरी वडीलधाऱ्यांपुढे माझा मान राखा. नाथानाने गरीब माणसाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगून "तो मनुष्य तूच आहेस" म्हटलं, तेव्हा दावीद फक्त म्हणाला, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. ज्या दुसऱ्याच्या बायकोला त्याने घेतलं त्या बथशेबाचं नाव पुढे केलं नाही, युद्धाची धामधूम सांगितली नाही, राजाच्या अडचणी सांगितल्या नाहीत.

"चुकलं माझं, पण तूही तेव्हा..." हे वाक्य आपल्या घरांत रोज ऐकू येतं. 'पण'पर्यंत जे आलं ती कबुली, पुढे वकिली सुरू होते.

देवाने क्षमा केली ना? मग माणसाचे पैसे परत कशाला करायचे, माफी कशाला मागायची?

कारण देवाने तुमचा हिशेब फाडला, तरी शेजाऱ्याच्या घरातला खड्डा तसाच राहतो. मोशेच्या नियमशास्त्रात लबाडीने घेतलेली वस्तू परत करताना वर पाचवा हिस्सा घालायला सांगितलं आहे. चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं असेल तर चौपट. यरीहोचा जकातदार जक्कय आपल्यासाठी त्यातला जड नियम निवडतो: अर्धी मालमत्ता गरिबांना आणि कुणाला फसवून घेतलं असेल तर चौपट परत. येशूने त्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्याने फक्त "आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे" एवढंच म्हटलं होतं. आधी कृपा घरात आली, मग तिजोरी उघडली. हा क्रम उलटा करू नका, नाहीतर भरपाई म्हणजे देवाला दिलेली लाच होते.

इथे मला स्वतःचं सांगावं लागेल. वडील गेल्यावर विहिरीवरचं जुनं ऑईल इंजिन मी विकलं. धाकट्या भावाला सांगितलं 11,000 आले. आले होते 14,000. म्हणजे त्याचे 1,500 रुपये माझ्याकडे राहिले. नऊ वर्षं राहिले. त्या नऊ वर्षांत मी दावीदाचं पश्चात्तापाचं स्तोत्र 51 कितीतरी वेळा मोठ्याने वाचलं, त्यावर वर्गही घेतले. एका उपवासकाळात जक्कयाचा भाग शिकवायची पाळी आली आणि जीभ अडली. दुसऱ्या दिवशी 6,000 रुपये पाकिटात घालून त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसून मोटरच्या वायरीला टेप गुंडाळत होता. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तो बराच वेळ बोलला नाही. टेपचा तुकडा दातांनी तोडला, वायर बाजूला ठेवली, पाकीट उघडलं, पाचशेच्या तीन नोटा काढून खिशात घातल्या आणि बाकीच्या माझ्या हातात परत दिल्या. "मला माहीत होतं, दादा," एवढंच म्हणाला. आतून त्याच्या बायकोने विचारलं, "दादा, चहा ठेवू ना?"

त्याला माहीत होतं. नऊ वर्षं प्रत्येक नाताळला तो माझ्या घरी येऊन जेवत होता, आणि त्याला माहीत होतं. क्षमेबद्दल मी त्या दिवशी जे शिकलो ते वर्गात कधीच शिकलो नव्हतो.

पापं फादरपुढे कबूल करावी लागतात का, की थेट देवापुढे पुरे?

कॅथलिक शिकवणीप्रमाणे कबुली हा एक संस्कार आहे. मनापासून खेद, धर्मगुरूसमोर कबुली, त्यांनी उच्चारलेली पापक्षमा आणि सांगितलेलं प्रायश्चित्त पार पाडणं, असं त्याचं रूप. गोव्यात कोकणीत त्याला कुमसार म्हणतात. गंभीर पापांची कबुली वर्षातून निदान एकदा द्यावी असा चर्चचा नियम आहे. कबुलीत ऐकलेलं धर्मगुरू कुणालाही, कोणत्याही कारणाने सांगू शकत नाही.

आम्ही प्रोटेस्टंट लोक उपासनेत एकत्र कबुली देतो आणि बाकीचं थेट प्रभूपाशी बोलतो. 1517 साली मार्टिन ल्यूथरने जे 95 सिद्धांत मांडले त्यांतला पहिलाच असा की विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं, ही ख्रिस्ताची इच्छा आहे. हे आम्ही अभिमानाने सांगतो. त्याच ल्यूथरने खाजगी कबुली टाकून दिली नव्हती, हे मात्र आम्ही विसरतो. याकोबाच्या पत्रात तर "एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा" असं सरळ लिहिलं आहे. माझं मत विचाराल तर आमच्या मंडळ्यांचं इथे नुकसान झालं आहे. "थेट देवाला सांगतो" म्हणता म्हणता आपण पुष्कळदा कुणालाच सांगत नाही. ज्याच्या पोटात गोष्ट राहते असा एक जाणता माणूस प्रत्येकाला असावा.

राखेचा बुधवार आणि चाळीस दिवसांचा उपवास पाळला की पश्चात्ताप झाला का?

उपवासाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावर लावतात ती राख बहुतेक ठिकाणी आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, फांद्या जाळून केलेली असते. ज्या झावळ्या हलवून आपण "होसान्ना" म्हटलं, त्याच वर्षभराने कपाळावर राख होऊन येतात. यापेक्षा स्पष्ट प्रवचन मला करता येणार नाही. मधले रविवार सोडून ईस्टरपर्यंत 40 दिवस होतात. मटण सोडा, चहा सोडा, मोबाइल सोडा, जे सुचेल ते सोडा, त्याचा उपयोग आहे. योएल संदेष्ट्याचं म्हणणं तेवढं लक्षात असू द्या: आपली वस्त्रं नको, आपली हृदयं फाडा.

तेच पाप पुन्हा पुन्हा घडतं. आता देवाकडे जायला तोंड राहिलं नाही.

एका दिवसात सात वेळा तुझा अपराध करून सात वेळा "मला पश्चात्ताप झाला" म्हणणाऱ्या भावाला क्षमा कर, असं येशूने शिष्यांना सांगितलं. आपल्याला जे करायला सांगितलं त्याहून कमी तो स्वतः करील का? तोंड घेऊन जा.

पडणं आणि तिथेच बिऱ्हाड करून राहणं यांत फरक आहे, हेही सांगायला हवं. व्यसन असेल तर प्रार्थनेबरोबर उपचारही घ्या. ज्या वाटेने पाय घसरतो ती वाट बदला, मग ती वाट म्हणजे एखादा मित्र असो किंवा रात्री बारानंतरचा फोन.

आणि काही पापं अशी असतात की ती पाप आहेत हे कळायलाच वर्षं लागतात. इंग्लंडचा जॉन न्यूटन मार्च 1748 मध्ये अटलांटिकवरच्या वादळात देवाकडे वळला. तो दिवस त्याने आयुष्यभर स्मरणात ठेवला. आणि त्यानंतर काय केलं? गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा तो कप्तान झाला. जहाजावर रविवारी उपासना चालवायचा आणि खाली तळात साखळ्यांनी बांधलेली माणसं असायची. 1754 मध्ये तो थांबला तोही प्रकृती बिघडली म्हणून. पुढे धर्मगुरू झाला. या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिलं ते 1788 मध्ये, वादळानंतर 40 वर्षांनी, आणि आपली ही कबुली फार उशिरा येते आहे हेही त्यातच लिहिलं. ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली ती 1807 मध्ये, आणि त्याच वर्षी तो वारला.

काही जण ही गोष्ट देवाच्या सहनशीलतेची म्हणून सांगतात. ती तशी आहेच. मला मात्र ती वाचताना तळातली माणसं विसरता येत नाहीत. माझ्या प्रार्थनेच्या खालच्या मजल्यावर आज कोण बांधलेलं आहे, हे मला दिसत नसेल तर? जातीवरून सोयरीक मोडणारे, मोलकरणीचा कप वेगळा ठेवणारे आपण, रविवारी पहिल्या बाकावर बसतो.

नवरा दारू पिऊन मारायचा. आता सभेत पुढे जाऊन रडला, साक्षही दिली. सगळे म्हणतात, क्षमा कर आणि घरी जा. काय करू?

ताई, घाई करू नका. क्षमा तुमच्या आणि देवाच्या मधली गोष्ट आहे, तिला लागेल तितका वेळ लागू दे. पुन्हा त्या घरात राहायला जाणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि क्षमा केली म्हणजे गेलंच पाहिजे असं शास्त्र सांगत नाही. योहान बाप्तिस्मा करणारा लोकांना म्हणाला की पश्चात्तापाला शोभतील अशी फळं द्या. "आम्ही काय करावं?" असं विचारल्यावर त्याने दोन अंगरखे असलेल्याला एक द्यायला सांगितला, जकातदारांना ठरल्याहून जास्त घेऊ नका म्हणाला आणि शिपायांना जुलूम करू नका म्हणाला. सगळी फळं हातांनी करायची आहेत आणि दुसऱ्याला दिसणारी आहेत.

फळ एका रात्रीत धरत नाही. दारू सोडण्याचे उपचार तो घेतो का, किती महिने टिकतो, तुमच्या आईवडिलांपुढे स्वतःहून कबूल करतो का, तुम्ही "अजून नाही" म्हटल्यावर संतापतो की थांबतो, हे पाहा. ज्याचा पश्चात्ताप खरा आहे तो तुमच्याकडे विश्वास हक्काने मागत नाही. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा तुमच्यासाठी आहे, 181 ही महिला हेल्पलाइन आहे. तिचा आधार घेणं म्हणजे प्रभूची साक्ष बिघडवणं नव्हे. आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तिला परत पाठवण्याआधी निदान त्याच्या घरी महिनाभर जाऊन या.

ज्याला क्षमाच नाही असं पाप माझ्याकडून झालं असेल का?

पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला कधीच क्षमा नाही, हे मार्कच्या 3 ऱ्या अध्यायातलं वचन वाचून कित्येक जणांची झोप उडते. येशू ते कुणाला म्हणाला ते पाहा. त्याची बरी करण्याची शक्ती डोळ्यांनी पाहूनही तिला सैतानाची म्हणणाऱ्या शास्त्र्यांना. "माझ्याकडून झालं असेल का" या काळजीने जो देवाकडे येतो, तो त्यांच्यासारखा पाठ फिरवून उभा नाही.

पश्चात्तापाने पाप धुतलं जातं, हे कळलं. पण अंतःकरणाचं नवीकरण म्हणजे काय? मी तर तोच आहे.

स्तोत्र 51 मध्ये दावीद आधी "मला धू" म्हणतो आणि मग तेवढ्यावर न थांबता "शुद्ध हृदय उत्पन्न कर" म्हणतो. इथलं हिब्रू क्रियापद 'बारा' आहे, उत्पत्तीच्या पहिल्याच वचनात आकाश आणि पृथ्वी उत्पन्न करताना वापरलेलं. म्हणजे जुन्या हृदयाची डागडुजी दावीद मागतच नाही. यहेज्केलाच्या 36 व्या अध्यायात देव हेच स्वतः द्यायचं कबूल करतो: पाषाणाचं हृदय काढीन आणि मांसाचं देईन. मांसाच्या हृदयाला दुखतं. नवेपणाची पहिली खूण पुष्कळदा हीच असते, आधी ज्याचं काही वाटत नव्हतं ते बोचू लागतं.

आणि हे एका दिवसात होत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. त्यांच्याइतकी शास्त्रं वाचलेली, त्यांच्याइतकी प्रामाणिक बाई विरळा. तरी त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. पुढे 1905 मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात मोठं संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झालं. दुष्काळातून, छळातून आलेल्या मुली रडत होत्या, पापं कबूल करत होत्या, तासन्‌तास प्रार्थना करत होत्या. लोक त्यातल्या अद्भुत गोष्टी सांगतात. मला जास्त भावतं ते त्यानंतरचं: त्याच मुली गट करून आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगायला गेल्या, आणि रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून मराठी बायबलच्या भाषांतराला बसल्या ते 1922 मध्ये जाईपर्यंत. नवं हृदय असं कामाला लागलेलं दिसतं.

लहानपणी बाप्तिस्मा झाला, मन आता पालटलं. पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा का?

बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या मोठेपणी विश्वासाने घेतलेल्या बाप्तिस्म्यालाच मानतात, कॅथलिक चर्च एकदा झालेला पुन्हा देत नाही. तुमच्या पाळकांशी बोला. यावरून घरात भांडण मात्र करू नका.

मरताना पश्चात्ताप केला तर चालतो का?

वधस्तंभावरच्या चोराला चालला. पण त्याला येशू त्या दिवशीच भेटला होता. तुम्हाला केव्हाचा भेटला आहे.

आज सुरुवात कशी करू?

रात्री सगळे झोपल्यावर स्तोत्र 51 एकदा सावकाश वाचा. मग एक कागद घ्या आणि पापाचं नाव साध्या मराठीत लिहा. "माझ्या हातून कमतरता घडल्या" असं नको. "मी भावाचे 1,500 रुपये ठेवून घेतले" असं. खाली ज्याचं नुकसान झालं त्याचं नाव लिहा. येशूला तो कागद वाचून दाखवा, अगदी आवाज काढून. मग सकाळी त्या माणसाला फोन करा आणि घरी कधी आहेस ते विचारा.